एएनसी (गरोदर बायकांच्या तपासणीच्या) ओपीडीत नव्याने बसणाऱ्यांसाठी: गरोदर बाईचं हृदय

नवे इंटर्न दोन चुका हमखास करतात. धडधाकट बाईला हृदयरोगी ठरवतात, आणि खऱ्या हृदयरोग्याला ‘या दिवसांत दम लागतोच’ म्हणून घरी पाठवतात. गरोदरपणातलं नॉर्मल काय, हे पक्कं नसलं की असं होतं.

आधी रक्तवाहिन्या सैलावतात. मग दाब राखायला हृदय जास्त रक्त फेकू लागतं, तेही पोट दिसायच्या कितीतरी आधी. ३२ आठवड्यांपर्यंत ही वाढ ३० ते ५० टक्क्यांवर जाते. नाडी १०-२० ठोक्यांनी वाढते. प्लाझ्मा (रक्तातला द्रव) तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढल्याने हिमोग्लोबिन उतरतं. तरी ११ च्या खाली आलं तर ॲनिमियाच धरा.

बीपी मधल्या तिमाहीत उतरतं, शेवटी पूर्वपदावर येतं. म्हणून पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईचं ‘नॉर्मल’ बीपी फसवं असू शकतं. आधीपासूनचा वाढलेला रक्तदाब त्याखाली झाकला जातो. मोजताना ५ मिनिटं बसू द्या, पाठीला टेकू, दंड हृदयाच्या पातळीत. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधू नका, बाहीचाच फास बसतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हातावर घेतलेलं बीपी खोटं कमी येतं. १४०/९० आलं तर ४ तासांनी पुन्हा मोजा. १६०/११० ला मात्र वाट पाहायची नाही, लगेच सीनियरला हाक मारा.

२० आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भाशय मोठी शीर दाबतं. घाम, चक्कर, मळमळ. डाव्या कुशीवर वळवा.

स्टेथोस्कोपमध्ये हलका सिस्टॉलिक (हृदय आकुंचताना येणारा) मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, चालतो; डायस्टॉलिक (हृदय सैलावताना येणारा) कधीच नाही. ‘उशा किती घेता?’ हे विचाराच, आडवं पडल्यावर दम लागतो का ते त्यातून कळतं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आक्रसलेली मायट्रल झडप बऱ्याचदा गरोदरपणातच पहिल्यांदा उघडकीला येते: नाडी वाढली की डाव्या कर्णिकेला रिकामं व्हायला वेळ पुरत नाही, रक्त फुफ्फुसात तुंबतं. डाव्या कुशीवर वळवून ॲपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, ठेवून ऐका. शंका आली की इको (हृदयाची सोनोग्राफी).

अशा बाईची खरी परीक्षा बाळंतपणानंतर. गर्भाशय आवळताच सुमारे ५०० मिली रक्त एकदम अंगात परततं. पहिले २४ तास डोळ्यात तेल घालून बसा, सलाईन मोजून द्या, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन हळू सोडा, त्याच कामाचं पण बीपी चढवणारं मेथर्जिन ट्रेमध्ये ठेवूच नका.