एनडीएचं मेडिकल: सूट नाही, पण 42 दिवस आहेत

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेनंतर एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीत, शिफारस झाली की घरात पेढे वाटले जातात, आणि दोन दिवसांनी मिलिटरी हॉस्पिटलमधून फोन येतो: कानात मळ आहे, वजन जास्त आहे, अंगावर नायटा आहे. मग पहिला प्रश्न, "थोडी सूट मिळत नाही का?"

भारतीय सैन्यदलांत त्या अर्थाची सूट नाही. आमदारांचं पत्र, माजी सैनिक काकांचा शब्द, तालुक्याच्या डॉक्टरांचा "फिट" दाखला, यातलं काहीच मेडिकल बोर्डापुढे चालत नाही. सवलती आहेत त्या नियमातच लिहिलेल्या. लष्कर आणि नौदलासाठी मुलांची किमान उंची 157 सेंमी, मुलींची 152. वय 18 च्या आत असेल तर वाढीसाठी 2 सेंमी धरतात. गुरखा, गढवाल-कुमाऊँ, ईशान्य भारत अशा काही भागांतल्या उमेदवारांना उंचीत सवलत आहे, आपल्या कोकणाला नाही. उड्डाण शाखेला उंचीची अट वेगळी आणि जास्त आहे. याशिवाय हातात उरतं एक अपील आणि, मंजूर झालं तर, त्यावर एक पुनर्विलोकन. त्यामुळे खरं काम बोर्डासमोर उभं राहण्याच्या कितीतरी आधी, घरीच करायचं असतं.

आधी क्रम समजून घ्या. एसएसबीत शिफारस झाली की स्पेशल मेडिकल बोर्ड होतं, त्याला साधारण आठवडा जातो. रक्त, लघवी, छातीचा आणि कमरेचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, आणि डोळे, कान-नाक-घसा, दात, सर्जन, मेडिसिन अशा सगळ्या तज्ज्ञांकडे फिरवतात. दोष निघाला तर तात्पुरता अपात्र किंवा कायम अपात्र असं लिहून देतात. मुलं त्यालाच टीआर आणि पीआर म्हणतात. दोन्हींत अपील करता येतं. अपील मेडिकल बोर्ड पहिल्या बोर्डानंतर 42 दिवसांच्या आत व्हायला हवं, आणि ते वेगळ्या, ठरवून दिलेल्या लष्करी हॉस्पिटलात होतं.

या 42 दिवसांत काय बसतं आणि काय बसत नाही, हे उमगलं की अर्धी लढाई जिंकली. कानातला मळ बसतो. नायटा बसतो, नीट औषध घेतलं तर. दोन-तीन किलो वजन बसतं, किडलेला दात भरणं बसतं. हर्निया बसत नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर काही महिने गेल्याशिवाय उमेदवार पात्र ठरत नाही. फाटलेला कानाचा पडदा शिवून घेतला तरी तो भरून, ऐकू नीट येऊन, तज्ज्ञाने पास करेपर्यंत तेवढे दिवस पुरत नाहीत. म्हणून पूर्ण तपासणी एनडीएचा फॉर्म भरतानाच करून घ्या. एप्रिलच्या परीक्षेचा फॉर्म डिसेंबरमध्ये निघतो आणि एसएसबी जुलैपासून पुढे. हातात सहा-सात महिने मिळतात.

तपासणीला मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथल्या जिल्हा रुग्णालयांत सर्जन, डोळे, कान-नाक-घसा आणि दात हे चार विभाग पुरतात. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातातच. मात्र केसपेपर काढताना डॉक्टरांना सांगा की मुलगा एनडीएच्या मेडिकलला जाणार आहे. नाहीतर ते प्रामाणिकपणे म्हणतील, "याने काही होत नाही." त्यांचं म्हणणं रोजच्या आयुष्यापुरतं बरोबर असतं. नाकाचा वाकडा पडदा, लहानसं व्हेरिकोसील (अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा), हाताला सुटणारा घाम यांनी घरी बसलेल्याला त्रास होत नाही, पण बोर्डात हीच नावं वारंवार निघतात.

आता आपल्याकडे जास्त छळणाऱ्या दोन गोष्टी: कान आणि कातडी. जुलै-ऑगस्टमधलं मेडिकल म्हणजे भर पावसातलं. विहिरीत, खाडीत पोहणारी मुलं, ओले कपडे, आणि कान खाजला की आजी खोबरेल तेलाचे दोन थेंब घालणार. तेल आणि ओल मिळाली की कानात बुरशी धरते. तेल बंद. काडी, किल्ली, हेअरपिन, कापसाची काडी, सगळं बंद. कापसाच्या काडीने मळ उलट आत ठासला जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ मऊ करणारे थेंब पाच-सात दिवस घाला आणि त्यांच्याकडूनच साफ करून घ्या, मेडिकलच्या दोन-तीन आठवडे आधी. पडद्याला भोक असेल तर पाण्याची पिचकारी मारायची नसते, म्हणून हे घरी करू नका. कान पूर्वी कधी वाहत असेल तर पोहणं थांबवा आणि सहा महिने आधीच दाखवा.

ऐकण्याची परीक्षा घरीही होते. खळ्यात 610 सेंमी, म्हणजे 20 फूट मोजून खूण करा. मुलाला पाठ करून उभं करा, एक कान बोटाने बंद करायला सांगा. दुसऱ्याने श्वास पूर्ण सोडून, उरलेल्या हवेत कुजबुजत आकडे म्हणायचे: सत्तावीस, चौसष्ट, एक्क्याण्णव. मग दुसरा कान. एका कानाला आकडे चुकत असतील तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची यंत्रावरची तपासणी, करून घ्या. पागोळ्यांच्या आवाजात ही परीक्षा घेऊ नका, पाऊस थांबल्यावर घ्या.

कातडीचं गणित वेगळं. मांडीच्या सांध्यात गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा दिसला की औषधाच्या दुकानातून मिश्र मलम आणून चोळतात. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवसांत खाज थांबते, चट्टा फिका पडतो, बुरशी मात्र खाली पसरत राहते, आणि मलम थांबवलं की दुप्पट उफाळून येते. अशा वेळी 42 दिवसही अपुरे पडतात. त्वचारोगतज्ज्ञाचं औषध चट्टा गेल्यावरही ते सांगतील तितके दिवस चालू ठेवा. अंतर्वस्त्रं वळचणीखाली अर्धवट सुकलेली घालू नका, इस्त्री फिरवून घाला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरात आणखी कुणाला नायटा असेल तर त्याचंही औषध सोबतच चालू करा, नाहीतर तो परत येतो.

पायांची तपासणी दहा मिनिटांची. अनवाणी, सरळ उभं राहून गुडघे एकमेकांना टेकवा आणि घोट्यांच्या आतल्या हाडांमधलं अंतर टेपने मोजा. मुलांना 5 सेंमी, मुलींना 8 सेंमीपर्यंत चालतं. उलट, घोटे जुळवून गुडघ्यांमध्ये 7 सेंमीपेक्षा जास्त फट राहिली तर धनुष्यासारख्या पायांचा प्रश्न येतो. सपाट तळव्यासाठी पाय ओला करून सिमेंटच्या ओट्यावर ठसा उमटवा. ठसा भरलेला आला तरी घाबरू नका. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर तळवा लवचिक आहे आणि बहुधा अडचण येत नाही. कमान दिसलीच नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

डोळ्यांबाबत एकच गोष्ट फॉर्म भरण्याआधी करा: चष्म्याचा नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या, मगच दलांचा पसंतीक्रम लावा. लष्कर उणे 2.5 पर्यंत नंबर चालवतं, चष्मा लावून 6/6 दिसलं पाहिजे. नौदल त्याहून बरंच कडक आहे, आणि हवाई दलाच्या उड्डाण शाखेला जवळच्या दृष्टीचा दोष चालत नाही. एनडीएसाठी लेसर शस्त्रक्रिया करून नंबर घालवणं हा मार्ग नाही, ती केलेला उमेदवार अपात्र ठरतो. रंगांधळेपणाला उपचार नाही, म्हणून इशिहाराच्या (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायच्या) पुस्तकाने नववी-दहावीतच पाहून घ्यावं. दर्यावर्दी घरातल्या मुलाला अकरावीत गेल्यावर हे कळणं फार जड जातं.

दातांना गुण असतात. बत्तिशी पूर्ण असेल तर 22, लागतात किमान 14. वजनाचा तक्ता वयानुसार आहे. 170 सेंमी उंचीच्या 17 ते 20 वयाच्या उमेदवाराला कमाल 63.6 किलो. जेवण-पाणी तोडून शेवटच्या दोन दिवसांत वजन उतरवू नका, नाडी आणि लघवीचा रिपोर्ट दोन्ही बिघडतात. आदल्या दिवशी जोरात पळूही नका. त्यानेही लघवीत प्रथिनं दिसू शकतात. सोनोग्राफीत मुतखडा निघाला, अगदी लहान, तरी अपात्र. मुलींनी हिमोग्लोबिन आधी तपासावं. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून तीन महिने आधी सुरू करावं, रक्त आठवड्यात वाढत नाही.

जत्रेत गोंदवून घेण्याआधी हेही लक्षात ठेवा: टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर किंवा छातीवर काढलेलं देवाचं नावही अडचणीचं ठरतं.

फॉर्ममध्ये आजारांची माहिती भरताना लपवू नका. लहानपणी झटके आले होते का, दम्याचा पंप घेतला का, ऑपरेशन झालं का, सगळं लिहा आणि कागद जोडा. लपवलेली गोष्ट अकादमीत उघडी पडली तर तिथून घरी पाठवतात.

अपात्र ठरलात तर बोर्डाच्या अध्यक्षांकडून दोषाचं नेमकं नाव लिहून घ्या आणि अपिलाचं हॉस्पिटल व तारीख विचारून घ्या. घरी येऊन नव्याने सगळं तपासत बसू नका, ज्या दोषावर अडलंय त्याच तज्ज्ञाकडे जा. कायम अपात्र लिहिलं असेल आणि दोष मोजमापाचा असेल, उदाहरणार्थ घोट्यांमधलं अंतर किंवा रक्तदाब, तर बाहेर दोन वेळा मोजून घ्या. फरक पडला तर अपील नक्की करा. उपचाराचे कागद, ऑपरेशनची डिस्चार्ज शीट, जुने एक्स-रे एका फाईलमध्ये ठेवा. कोकणकन्या एक्स्प्रेसचं आरक्षण 42 व्या दिवसाचं नको, चाळिसाव्याच्या आत पोहोचा. पावसात दरड कोसळून गाडी अडते आणि मुदत थांबत नाही.

अपिलातही नकार आला तर पुनर्विलोकन बोर्ड उरतं, ते पुणे आणि दिल्ली इथेच होतं. तो हक्क नाही, सैन्यदलांच्या वैद्यकीय महासंचालकांनी प्रकरण पाहून मंजूर करायचा असतो. त्याची लेखी मागणी अपील बोर्डाच्या अध्यक्षांकडे तिथेच, निकाल कळल्याबरोबर द्यायची. अर्ज आधीच लिहून फाईलमध्ये ठेवा, फक्त दोषाचं नाव आणि तारीख भरायची बाकी ठेवून.