अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय? कॉलेज आणि मेडिकल स्कूल निवडताना या चुका टाळा

भारतात बारावी, मग नीट, मग थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि पुढे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी घरांत मुलांचं कॉलेज ठरवताना डोक्यात जुनंच गणित असतं: एकदा मोठ्या नावाच्या कॉलेजात शिरलं की पुढचं आपोआप होतं. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मिळणारा सल्लाही बहुतेक याच धाटणीचा असतो.

मोठ्या नावासाठी वाट्टेल तेवढा खर्च

मेडिकल स्कूलच्या समितीपुढे सगळ्यात आधी जीपीए (पदवीच्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) आणि एमकॅट येतात. एमडीला (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७५च्या वर असतो आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२च्या आसपास. नामांकित कॉलेजातला ३.३ त्या नावामुळे ३.७ होत नाही. नावाला किंमत नाही असं नव्हे, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात सगळेच हायस्कूलचे टॉपर बसलेले असतात आणि ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते, हे आधी लक्षात घ्या.

आता पैसे. बड्या खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवण्यासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात गेला आहे. स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात तो बऱ्याचदा निम्म्याहून कमी असतो. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल ते सांगणारा. तो भरल्याशिवाय अर्ली डिसिजनचा अर्ज करू नका, कारण तो बांधून घेणारा असतो आणि मग मदतीच्या रकमांची तुलना करायला दुसरं पत्र हातात राहत नाही.

२०२५च्या कायद्याने हा मुद्दा आणखी टोकदार केला. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. त्यावरचं खासगी कर्ज किंवा घरचं. पदवीला वाचवलेला पैसा तिथे लागणार आहे.

‘आमचे ९० टक्के विद्यार्थी मेडिकलला जातात’

दरवर्षी सुमारे ५२ हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. म्हणजे देशभरात निम्म्याहून कमी. मग एखादं कॉलेज ९० टक्के कसं सांगतं? काही कॉलेजांत समितीचं शिफारसपत्र लागतं आणि कमी जीपीए असलेल्यांना ते पत्र देतच नाहीत किंवा ‘यंदा थांब’ म्हणतात. अर्जच झाला नाही, तर तो मुलगा टक्केवारीत येत नाही! कॅम्पस टूरला जिमचे फोटो काढण्यापेक्षा प्री-मेड (मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलांच्या) सल्लागाराला दोन प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारे किती होते, आणि शेवटी अर्ज किती जणांनी केला? पत्र सगळ्यांना मिळतं का? उत्तर गुळमुळीत आलं, तर समजून घ्या.

हायस्कूलमधल्या कॉलेज कोर्सकडे दुर्लक्ष

ही चूक सगळ्यात उशिरा उघडकीस येते. समजा, अकरावीत मुलीने ड्युअल एन्रोलमेंटमध्ये, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच, कम्युनिटी कॉलेजचा केमिस्ट्रीचा कोर्स घेतला. सॉकरचा सीझन होता, ‘सी’ आला. पुढे तिला चांगलं कॉलेज मिळालं, तिथे तिचा जीपीए ३.८. पण एमडीच्या सामायिक अर्जात, म्हणजे ॲमकासमध्ये, आजवरच्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं. तो ‘सी’ तिथे येतो, एकूण जीपीएत धरला जातो आणि विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा काढतात त्यातही. कोर्स पुन्हा करून ‘ए’ मिळवला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात. म्हणून कोर्स झेपत नसेल, तर मुदतीत ड्रॉप केलेला बरा.

एपीचं, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेचं क्रेडिट हे याचंच भावंड. एपी केमिस्ट्रीत पाच मिळाले म्हणून पहिल्या वर्षाची केमिस्ट्री गाळली, आणि चौथ्या वर्षी कळतं की हव्या त्या मेडिकल स्कूलला ते क्रेडिट चालत नाही. अजून वेळ असेल, तर त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स घ्या. बऱ्याच ठिकाणी त्याने काम भागतं.

बायोलॉजीच मेजर (मुख्य विषय) हवं?

नको. संगीतात मेजर करूनही चालतं, आवश्यक कोर्स झाले म्हणजे झालं.

बीएस-एमडी मिळालं म्हणजे सुटलो

बीएस-एमडी म्हणजे हायस्कूलनंतरच पदवी आणि मेडिकल स्कूल दोन्हींची जागा. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा कार्यक्रम किंवा न्यू जर्सीतले सात वर्षांचे जोड-कार्यक्रम खरंच चांगले आहेत. पण अटी वाचा. किमान जीपीए किती? एमकॅट लागते का? बाहेर अर्ज केला तर हातातली जागा जाते का? आणि सतराव्या वर्षी हे मुलाने ठरवलंय की घराने, हे तुम्हाला मनातून माहीत असतं.

राज्य आणि व्हिसा

टेक्ससमधल्या सरकारी मेडिकल स्कूलांना ९० टक्के जागा राज्यातल्यांसाठी ठेवाव्या लागतात. इतरही बरीच राज्यं आपल्या मुलांना झुकतं माप देतात. त्यामुळे अर्जाच्या ऐन वर्षी नोकरीसाठी राज्य बदलण्याआधी रहिवासाचे नियम बघा.

एच-फोरवरच्या, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या मुलांचं दुखणं वेगळं. लहानपणापासून इथे वाढलेलं मूल २१ वर्षांचं झालं आणि ग्रीन कार्ड रांगेतच अडकलं, तर साधारणपणे कॉलेजच्या मध्यावर त्याला एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. मेडिकल स्कूलच्या लेखी ते परदेशी विद्यार्थी. अनेक स्कूल परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही जण फीची मोठी रक्कम आधीच एस्क्रोत, म्हणजे राखीव खात्यात ठेवायला सांगतात. सरकारी कर्ज नाही. मुलगा नववीत असतानाच वकिलाशी बोला, आणि अर्जाची यादी करताना एमएसएआर या अधिकृत डेटाबेसमध्ये प्रत्येक स्कूलचं धोरण तपासा.

रँकिंग बघून मेडिकल स्कूल ठरवणं

हार्वर्ड मेडिकल स्कूलने जानेवारी २०२३ मध्ये यूएस न्यूजच्या क्रमवारीतून अंग काढून घेतलं, मागोमाग आणखी काही निघाले. २०२४ मध्ये यूएस न्यूजनेही मेडिकलला क्रमांक देणं सोडून गट केले. डॉक्टरी परवान्याची पहिली परीक्षा, स्टेप वन, हीही जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या रोटेशन्स (वेगवेगळ्या विभागांतलं प्रत्यक्ष काम) कुठल्या हॉस्पिटलांत होतात आणि मुलं कुठल्या रेसिडेन्सीला लागतात, ते बघा. डीओला, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलच्या डॉक्टरकीच्या पदवीला, नाक मुरडू नका. २०२० पासून एमडी आणि डीओच्या रेसिडेन्सीला एकच मान्यता-व्यवस्था आहे.

कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलांबाबत मात्र सावध. २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडीच्या अंतिम वर्षाच्या सुमारे ९३ टक्के मुलांना रेसिडेन्सी मिळाली, तर बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे ६७ टक्क्यांना. पुण्यात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून परतणारं अमेरिकन नागरिक मूलही याच दुसऱ्या गटात मोजलं जातं.

आणि एकाहून जास्त स्कूलांत जागा मिळाल्या असतील, तर ३० एप्रिलच्या आत एकच ठेवायची असते. त्याआधी दुसरीकडचं मदतीचं पत्र दाखवून आवडत्या स्कूलकडे रक्कम वाढवून मागता येते. मागा.