टेबल टेनिस शिकवताना या चुका टाळा: चूक दिसते हातात, असते दुसरीकडेच

मुलाचा चेंडू नेटमध्ये गेला की मागून हमखास आवाज येतो, 'बॅट उघड!', म्हणजे बॅटचं तोंड वर कर. पुढचा चेंडू टेबलाबाहेर गेला की 'बॅट बंद कर!' दोन्ही सूचना त्या त्या क्षणी बरोबर असतात आणि तासभर देऊनही फरक पडत नाही. कारण गडबड चेंडू बॅटवर येण्याआधीच झालेली असते. पाय उशिरा हलले, समोरच्याच्या सर्व्हिसमधला कट, म्हणजे चेंडूची उलटी फिरकी, ओळखला नाही, किंवा आधीचा फटका मारून मूल टेबलाला चिकटूनच उभं राहिलं. म्हणून चेंडू चुकला की शिकवणाऱ्याने नजर एक चेंडू मागे न्यावी. पुढच्या बहुतेक चुका ही सवय नसल्यामुळेच होतात.

हात सुधारण्याची घाई

नेहमीची तक्रार घ्या. कट असलेल्या चेंडूवर मूल टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरणारा फटका) मारतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. बॅटच्या कोनाला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहा. टप्प्यानंतर चेंडू वरच्या बिंदूपाशी घेतला की फार खाली येऊ दिला? गुडघे वाकलेले होते का? आणि बॅट चेंडूला शरीराच्या पुढे भेटली की मांडीच्या बाजूला? ताठ गुडघ्यांनी उभं असलेलं मूल चेंडू फक्त हाताने उचलायला जातं, मग खांदा वर येतो आणि सगळा फटका दंडातून निघतो. अशा वेळी नुसता कोन बदलला तर चेंडू नेटवरून जाईल खरा, पण उंच जाईल, आणि बऱ्यापैकी खेळणारा कोणीही त्यावर स्मॅश मारेल.

साधा उपाय आहे. मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून थोडा वेळ चित्रण करा आणि पाहताना पडद्याचा वरचा अर्धा भाग तळहाताने झाका. फक्त पाय पाहा. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्या क्षणी मुलाची हलकीशी उडी होते का, की दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्याच असतात? हाताचं बोलणं त्यानंतर करा.

बॅट धरण्याच्या हाताच्या कोपराकडे येणारा चेंडू सोडवण्यासाठीही हेच. फोरहँड की बॅकहँड, या गोंधळात मूल कोपर वर उचलून चेंडू कसाबसा ढकलतं. तिथे मनगट सुधारून काहीच साधत नाही. एक पाऊल बाजूला घेऊन जागा करायची असते, आणि त्यासाठी सरावात चेंडू मुद्दाम शरीरावर द्यावे लागतात. बहुतेक सराव टेबलाच्या दोन कर्णांवरच (कोपऱ्यातून तिरक्या कोपऱ्यात) चालतो, त्यामुळे ही उणीव पहिल्या स्पर्धेतच उघडी पडते.

बॅट मुलासाठी की मोठ्यांच्या हौसेसाठी?

कार्बनचं ब्लेड (बॅटची फळी), कडक स्पंज, जाड रबर: जे मोठे खेळाडू वापरतात ते मुलाला दिलं की सुरुवातीला सगळे खूश असतात, कारण चेंडू सुसाट जातो. महिन्याभरात मूल हात आखडतं. पूर्ण हात फिरवला की चेंडू बाहेर जातो हे त्याला कळलेलं असतं, म्हणून ते बॅट नुसती पुढे धरायला शिकतं. पुढे याला 'टॉपस्पिनच जमत नाही' असं म्हटलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: पाच थरांचं साधं लाकडी ब्लेड, मध्यम वेगाचं, आणि दोन्ही बाजूंना सारखंच, फार जाड स्पंज नसलेलं गुळगुळीत रबर. मूठ बारीक हवी. ब्लेडची कड तर्जनीला टोचत असेल तर पॉलिश पेपरने ती थोडी घासून गोल करा. टोचणाऱ्या कडेमुळे बिघडलेली पकड महिनोन् महिने सुटत नाही.

जुन्या रबराकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मधला भाग गुळगुळीत होऊन पकड गेली की चेंडू घसरतो, आणि मूल त्याची भरपाई बॅट उघडून करतं. नवं रबर लावलं की तेच फटके बाहेर जातात, मग म्हणे 'फॉर्म गेला'. खेळून झाल्यावर ओल्या स्पंजने रबर पुसून झाकून ठेवावं. मधल्या भागाची पकड कडेच्या भागापेक्षा उघडच कमी वाटू लागली की ते बदलावं.

आणखी एक. टेबलाची उंची 76 सेंटिमीटर असते, मूल कितीही लहान असो. सहा-सात वर्षांच्या मुलाला चेंडू छातीच्या आसपास मारावा लागतो, त्यामुळे कोपर बाहेर येतं आणि मनगट मोडतं. त्याला तंत्रावरून रागावण्यात अर्थ नाही. पायाखाली भक्कम, रुंद, न हलणारा लाकडी फलाट द्या, तेवढ्यानेच अर्धा फटका सुधारलेला दिसेल.

सर्व्हिस उरलेल्या वेळात

कर्णावर फोरहँडला फोरहँड, शंभर चेंडू न चुकता. पालकांना हे पाहायला आवडतं. सामन्यात मात्र बरेचसे गुण सर्व्हिस, रिसीव्ह (सर्व्हिस परतवणं) आणि तिसरा चेंडू, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा फटका, एवढ्यातच ठरतात, आणि नेमका त्यांचाच सराव शेवटी, सगळे दमल्यावर होतो. सर्व्हिसचा सराव सुरुवातीला ठेवा, आणि प्रत्येक सर्व्हिसनंतर तिसरा चेंडू खेळूनच थांबायचं.

नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा. चेंडू उघड्या तळहातावर, टेबलाच्या पातळीच्या वर आणि मागच्या रेषेमागे. तो जवळपास सरळ, निदान 16 सेंटिमीटर वर फेकायचा, खाली येताना मारायचा आणि रिसीव्ह करणाऱ्यापासून लपवायचा नाही. शंका आली तर पंच सामन्यात पहिल्यांदा ताकीद देऊन सोडू शकतात. उघड चूक असेल तर ताकीद न देताच गुण जातो. क्लबमध्ये चालून गेलेली सर्व्हिस 9–9 वर फॉल्ट दिली जाते तेव्हा मुलाला तो अन्याय वाटतो.

रिसीव्हचं दुखणं डोळ्यांचं असतं. पुश केलेला, म्हणजे बॅट उघडी ठेवून हलकेच ढकललेला, चेंडू नेटमध्ये गेला तर कट जास्त होता, उंच उडाला तर कट नव्हताच किंवा टॉपस्पिन होता. मुलाला समोरच्याची बॅट चेंडूला कुठे लागते ते पाहायला लावा आणि चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेण्याआधी मोठ्याने बोलायला सांगा: 'कट', 'टॉप', 'साधा'. पहिले काही दिवस चुकीचं बोलेल. बोलू द्या.

याच कारणाने मल्टीबॉलचा अतिरेक घातक ठरतो. टोपलीतून ठरावीक लयीत येणाऱ्या चेंडूंनी पाय वेगवान होतात, पण समोरच्याचा खेळ वाचायची सवय लागत नाही. निदान काही चेंडू टेबलावर एक टप्पा पाडून, फिरकी बदलत द्या.

ब्रेकमधली भाषणं

दोन गेममधला वेळ एक मिनिटाचा. त्यातला काही घाम पुसण्यात आणि पाणी पिण्यात जातो. उरलेल्या वेळात सात सूचना दिल्या तर मूल मान डोलावतं आणि एकही नेत नाही. सर्व्हिस कुठे करायची आणि रिसीव्ह कुठे ठेवायचा, एवढंच सांगा. रॅली सुरू नसताना खेळ न लांबवता सल्ला देण्याची मुभा आता नियमांत आहे, पण ती प्रत्येक गुणानंतर वापरली की मूल प्रतिस्पर्ध्याऐवजी तुमच्याकडेच बघू लागतं.

सामने पाहतानाच्या चुका

मुलांच्या मोबाइलवर असतात त्या निवडक लांब रॅली. त्या नेत्रदीपक आहेत, पण खेळाचा नमुना म्हणून फसव्या. चीनच्या मा लाँगचा फोरहँड पाहून मूल हात लांब करतं. त्याच्या पायांची आणि कमरेची हालचाल त्या तुकड्यात लक्षातच येत नाही. फ्रान्सच्या फेलिक्स लब्रँला पाहून पेनहोल्ड (पेन धरल्यासारख्या) पकडीची हुक्कीही येते. हौस म्हणून चालेल, स्पर्धेच्या आठवडाभर आधी नको.

जुने सामने दाखवताना तर जास्तच सावध राहा. स्वीडनच्या वाल्डनरचे नव्वदच्या दशकातले सामने जरूर पाहावेत, पण चेंडू तेव्हा 38 मिलिमीटरचा होता. 2000 मध्ये तो 40 चा झाला, 2001 मध्ये गेम 21 वरून 11 गुणांवर आला, 2002 मध्ये सर्व्हिस लपवण्यावर बंदी आली आणि 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिकचा चेंडू आला. त्या काळच्या चित्रफितीतून उचललेली, मोकळ्या हाताआडून केलेली सर्व्हिस आज सरळ फॉल्ट आहे.

मुलाबरोबर एखादा पूर्ण सामना बसून पाहा. पहिल्या गेममध्ये फक्त सर्व्हिस आणि रिसीव्ह बघायचे, रॅली सुरू झाली की नजर स्कोअरवर. दुसऱ्या गेममध्ये एकाच खेळाडूचे पाय. प्रत्येक गुणानंतर विचारायचं, 'गुण कोणत्या चेंडूवर गेला?' मूल बहुधा शेवटच्या फटक्याचं नाव घेईल. मग चित्रफीत मागे न्यायची.