पी३८ रेंज रोव्हर: कॉइल काढून पुन्हा एअर सस्पेन्शन

पी३८, म्हणजे दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, मुळात हवेच्या रबरी बॅगांवर उभी असते; त्या काढून कुणी कॉइल स्प्रिंग बसवल्या असतील, तर परत एअरवर जाताना हे करा. कॉइल बसवताना काय काय काढलं गेलंय, ते आधी मोजा: गाडीची उंची मोजणारे हाइट सेन्सर, ६ मिमी नायलॉन नळ्या, हवा भरणारा कॉम्प्रेसर. माझ्या गाडीत मागचा एक सेन्सरच गायब होता. चॅसीखाली स्टँड लावून अ‍ॅक्सल खाली सोडा, कॉइल काढा, बॅगा वर-खाली क्लिपांनी पक्क्या करा. खरी मेख नळीत आहे. टोक नव्या ब्लेडने काटकोनात कापा. ओरखडलेलं टोक ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) इजा करतं, रात्रभर हवा गळते आणि सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसतो. बॅगांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या प्रत्येक तोंडाला दोन ओ-रिंग, दोन्ही बदला. हवा भरली की जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. इसीयूतला (सस्पेन्शनच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधला) जुना फॉल्ट डायग्नोस्टिक टूलने पुसल्याशिवाय कॉम्प्रेसर ढिम्म हलत नाही. बॅगांत हवा भरल्यावरच स्टँड काढा, नाहीतर रबर दुमडतं. मग हाइट कॅलिब्रेशन, म्हणजे उंची नीट सेट करणं, सपाट जमिनीवर.