कुलूप राहू द्या, आधी कोयंडा बघा

चोरांचा विषय निघाला की लोक आधी कुलूप घ्यायला पळतात, जेवढं जड तेवढं भारी म्हणे, आणि मग ते धूड लटकवतात इवल्याशा चार स्क्रूंवर. चोर कुलपाला हातही लावत नाही हो. कोयंड्यामागे कटावणी घालून एक हिसका देतो, स्क्रू भुशासकट बाहेर, कुलूप शाबूत.

सोपी कामं पटापट उरकू. शिडी, पहार, कुदळ रात्री आत ठेवा. पुढची झुडपं कंबरेएवढी छाटा, खिडकीखाली बोगनवेल लावा. सेन्सरचा दिवा सात-आठ फुटांवर, येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल असा, कारण सरळ दिव्याकडे चालत येणारा त्याला उशिरा कळतो. एसीच्या बाहेरच्या युनिटकडे मात्र तोंड नको, गरम हवेनं उगाच पेटतो. ट्रिपचे फोटो परत आल्यावर टाका.

आता कोयंडा, आणि इथे घाई अजिबात नको. मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच कामानं. स्क्रू विसरा, आरपार बोल्ट टाका, गोल गुळगुळीत डोक्याचे, म्हणजे बाहेरून पाना किंवा पेचकस लागायलाच जागा नाही. डोक्याखाली मान चौकोनी असते, ती कोयंड्याच्या पट्टीत अडकली तरच बोल्ट जागेवर राहतो. पट्टीचं भोक गोल असेल तर कानशीने चौकोनी करा, नाहीतर नट आवळताना बोल्ट नुसता गरगर फिरतो आणि तुम्ही घामाघूम.

भोक पाडताना आधी बारीक बिट, मग बोल्टच्या मापाचं. एका बाजूने दणादण आरपार गेलात तर मागच्या बाजूचं लाकूड फुटतं, ढलप्या निघतात. बिटचं टोक पलीकडे जेमतेम दिसलं की थांबा आणि उरलेलं भोक त्या बाजूने पूर्ण करा. ड्रिल तिरकं जातंय का ते बाजूला उभं राहून दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या, जाड दारात थोडा तिरकेपणाही पलीकडे बराच सरकतो. आतून लोखंडी पट्टी, तिच्यावर नायलॉनवाला नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा. नुसते छोटे वॉशर नकोत, जोर आला की लाकडात रुततात.

चौकटीकडच्या बाजूला हीच ताकद हवी, नाहीतर सगळी मेहनत वाया. बारकुडे स्क्रू काढून निदान तीन इंची घाला, चौकट भिंतीत असेल तर प्लास्टिकच्या प्लगसकट भिंतीपर्यंत जातील असे. आणि कुणी काहीही सांगू दे, जुन्या सैल भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून तोच स्क्रू परत पिळू नका, दार ओढलं तर घट्ट वाटतं, कटावणीपुढे टिकत नाही.

बिजागऱ्या बाहेरून दिसतायत? मग त्यांची पिन ठोकून निघते का ते आजच बघा, निघत असेल तर बिजागरी बदला. बागेतल्या सामानाच्या खोलीलाही हेच बोल्ट, तिथला कोयंडा तर बहुतेक खिळ्यांवरच असतो.