अध्ययन अक्षमता असताना कार्यालयीन मराठी कशी लिहावी

ज्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे, त्याने लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे एकाच बैठकीत करू नयेत. मजकूर सुचत असतानाच वेलांटीकडे लक्ष गेले की वाक्य हातातून निसटते. म्हणून पहिला मसुदा चुकांसकट पूर्ण करावा, किंवा फोनच्या कळफलकावरील माइक दाबून तोंडी सांगावा, आणि तपासणीला शक्यतो दुसऱ्या दिवशी बसावे.

तपासताना एका फेरीत एकाच प्रकारची चूक शोधावी. पहिली फेरी कानाची असावी, म्हणजे फोनला किंवा संगणकाला मजकूर मोठ्याने वाचायला लावावा. 'सरकार'चे 'सकरार' झालेले डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला लगेच खटकते. गळलेला काना किंवा 'मुलांना'मधला हरवलेला अनुस्वारही असाच सापडतो.

ऱ्हस्व-दीर्घापुढे मात्र कान हात टेकतो, कारण 'मूल' लिहा किंवा 'मुल', ऐकू एकच येते. तेथे नियमच हाताशी हवा, आणि सुदैवाने तीन नियमांत बरेचसे काम भागते. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा: कवी, वस्तू. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांसारखे मोजके अपवाद वेगळे लक्षात ठेवावेत. अकारान्त, म्हणजे शेवटच्या अक्षराला काना, वेलांटी, उकार असे काही नसलेल्या मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ असतो: गरीब, बहीण, मूल. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गरिबाला, बहिणीने, मुलाचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'मंदिर', 'गुण', 'विष' हे शब्द दुसऱ्या नियमाला जुमानत नाहीत.

नियमांनी न सुटणाऱ्या, पण आपल्या हातून नेहमी चुकणाऱ्या शब्दांची चिठ्ठी टेबलावर ठेवावी. माझ्या चिठ्ठीवर पहिला शब्द 'दीर्घ' आहे. तोच मी वर्षानुवर्षे ऱ्हस्व लिहीत होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे वरिष्ठांकडे सवलत मागण्यात संकोच नसावा. अडचणीचे लांबलचक वर्णन करण्यापेक्षा नेमकी मागणी करावी, उदाहरणार्थ, 'बैठकीचे इतिवृत्त तेथल्या तेथे न मागता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देण्याची मुभा असावी.' मसुदा सहकाऱ्याला दाखवायचा असेल, तर त्याने चूक स्वतः दुरुस्त न करता शब्दाखाली फक्त पेन्सिलीने रेघ ओढावी, एवढे त्याला आधीच सांगून ठेवावे.