गाडीचा एसी गरम हवा देतोय? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसी गार करेनासा झाला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: "गॅस संपलाय, भरून घ्या." पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं, पण एका हंगामात कूलिंग जावं इतका नाही. म्हणजे गॅस कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतोय. ती जागा न शोधता नुसता गॅस भरला, तर पैसेही हवेत आणि गॅसही. शिवाय गाड्यांमध्ये सर्रास असलेला आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे.

आणि कित्येकदा गॅसचा काही संबंधच नसतो. पुढच्या तपासण्या घरच्या घरी होतात.

आधी गाडीच्या आत

गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. एसी सुरू करा, तापमान सर्वांत कमी, ब्लोअर पूर्ण आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत हवेचं तापमान मोजणारा साधा थर्मामीटर धरा. साधारण ५ ते १० अंश आले, तर एसी ठणठणीत आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी आकडा थोडा वर गेला, तर लगेच बिघाड समजू नका.

हवा गार आहे पण जोर नाही, असं असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. धुळीने गच्च झालेला फिल्टर बदलणं हीच पूर्ण दुरुस्ती ठरू शकते. सुरुवातीला गार, मग हळूहळू हवाच कमी होत जाते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक? मग डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय.

आता बॉनेट उघडा

हात, ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. पंखा कधीही अचानक सुरू होतो. दुसऱ्या कुणाला एसीचं बटण दाबायला सांगा. 'टक्' असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) पुलीसमोरची तबकडी, म्हणजे त्याचा क्लच, फिरू लागली पाहिजे. (नव्या काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही.) तबकडी फिरत नसेल, तर एसीचा फ्यूज बघा. मग रिले (फ्यूजबॉक्समधला विजेचा छोटा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा लावून बघा. दोन्ही चांगले असूनही क्लच धरत नसेल, तर गॅस फारच कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने तो थांबवलेला असण्याची शक्यता मोठी. कुणी वायर जोडून कॉम्प्रेसर 'डायरेक्ट' चालवू म्हणाला, तर ठाम नकार द्या. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना तो चालवला की जॅम होतो.

हायवेवर गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार असेल तर नजर पुढे वळवा. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो. एसी लावल्यावर त्यामागचा पंखा फिरतोय का? कंडेन्सरच्या पट्ट्यांत चिखल, किडे, धूळ साचली आहे का? इंजिन थंड असताना साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने या नाजूक पट्ट्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

यानंतरची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. दहा मिनिटं एसी चालवून इंजिन बंद करा आणि इंजिनाकडून केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या हलकेच चाचपा. बारीक नळी गरम लागू शकते, तेव्हा जपून. जाड नळी गारेगार, घाम आलेली हवी. ती तशी असूनही आत गरम हवा येत असेल, तर एसी आपलं काम करतोय. डॅशबोर्डमधली गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकली आहे. अशा गाडीत गॅस भरून काहीही होणार नाही. जाड नळीच गार नसेल, तर मात्र गॅरेज गाठा.

गॅरेजमध्ये काय मागायचं

कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे कमी आणि जास्त दाबाच्या नळ्यांना, गेज (दाब मोजायचं मीटर) लावून बघायला सांगा. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली, तर कॉम्प्रेसर थकलाय. दोन्ही चढलेले, तर पंखा, कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस.

गळती असेल तिथे बहुधा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. सांधे, कंडेन्सरचा पुढचा भाग, गॅस भरायचे व्हॉल्व या नेहमीच्या जागा. कोकण-गोव्यात खारी हवा कंडेन्सर लवकर खाते. कूलिंग कॉइल गळत असेल, तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरीचा अंदाज आधीच घ्या. नळी किंवा नट घरी सैल करू नका: आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून बाहेर उडालेल्या गॅसच्या थंडीने त्वचा आणि डोळे भाजल्यासारखे होतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना तर हातही लावायचा नाही.

भाग बदलल्यावर सांध्यांच्या रिंगा आणि रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवे, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने खेचून काढणं, तो टिकतोय का हे बघणं, आणि शेवटी गॅस वजन करून. किती ग्रॅम आणि कोणता गॅस हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम. जास्त भरला तरी कूलिंग घटतं, म्हणून "थोडा जास्त टाका" म्हणू नका. जुना किती निघाला आणि नवा किती भरला, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. गॅसबरोबर यूव्ही रंग (गळतीच्या जागी यूव्ही प्रकाशात चमकणारा) टाकून घेतला असेल, तर पंधरा दिवसांनी तेच सांधे यूव्ही टॉर्चखाली पुन्हा बघून घ्या.